रॉकेलच्या डब्यातला गोडलिंब

चिखली, शनिवार, ता. ५ मार्च १९३८

कुणीतरी माझ्या गोडलिंबाच्या मुळावर उठलंय. आज लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मंजुळाबाईला भास होतात.

परवापर्यंत हिरवागार होता. आज खालच्या तीन डहाळ्यांची पानं टोकाकडून करपली आहेत. हात लावला की गळून हातात येतात. डबा तोच, जागा तीच, पाणी मीच घालते. मग हे कुठून आलं?

ह्यांना दाखवलं. हे कचेरीत निघालेले. वाकून बघितलं, टोपी सावरली आणि म्हणाले, "ऊन लागलं असन." ऊन! न्हाणीच्या भिंतीच्या आडोशाला डबा, बारा वाजल्याशिवाय तिथे ऊन फिरकत नाही. वीस वर्षं तहसिलीत कारकुनी केली. कुणाच्या अर्जात एक काना कमी असला तरी ह्यांना दिसतो. घरातलं झाड मरायला टेकलं ते दिसत नाही.

रविवार, ६ मार्च

लोकांना वाटेल, एवढं काय त्या झाडाचं. (कोण लोक? ही वही कोण वाचतंय! एका बाजूने कोरे राहिलेले कागद ह्यांनीच शिवून दिले. अक्षरंही ह्यांनीच शिकवली, लग्नानंतर, देऊळघाटला, सासूबाई शेतात गेल्या की. पण वही उघडून बघत नाहीत. तेवढं मात्र पाळतात.)

तर झाड. चार वर्षांपूर्वी हे बीबीला माझ्या माहेरी जाऊन आले. तिथे कढीत गोडलिंब होता. आल्यावर आठ दिवस तेच — "तुया माहेरच्या कढीले वास कायचा येते वं?" माझ्या कढीला जणू वासच नाही. मी पुंजाजीला, माझ्या धाकट्या भावाला, निरोप धाडला. त्याने वीतभर रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं.

घर भाड्याचं. घरमालकीण वच्छलाबाई म्हणाल्या, "भिंतीपाशी खड्डा खांदू नको वं, पाया खचते." मग रॉकेलचा रिकामा डबा घेतला, वरचा पत्रा कापून काढला, बुडाला खिळ्याने भोकं पाडली, माती आणि शेणखत भरून त्यात रोप लावलं. पाहणारे हसले. डब्यात कुठे झाड वाढतं का! आता ते माझ्या कमरेला लागतं.

तेव्हापासून ह्यांच्या ताकात रोज पाच पानं. चुरून, मीठ-जिरं घालून. लेक विमल लग्न होऊन मेहकरला गेली तेव्हापासून घरात आम्ही दोघं आणि तिसरा हा. सकाळी उठले की आधी त्याच्याकडे जाते. तो वाळला तर मी काय करीन, मला सांगता यायचं नाही.

मंगळवार, ८ मार्च

आज एकवीस पानं गळाली.

गुरुवार, १० मार्च

झाडाचं एक आणि घरातल्या माणसाचं दुसरंच. महिना होत आला, ह्यांनी दूध-भाकरीचं खूळ घेतलंय. भाजी वाढली की ती ताटात इकडून तिकडे सरकते. वरणाला बोट लावल्यासारखं करतात. विचारलं तर, "पोट जड वाटते." पोट जड, आणि भाकरी दीड! लोणच्याला हात नाही. माझं लोणचं — ज्याच्यासाठी कचेरीतल्या दोन साहेबांच्या घरून वाट्या येतात!

ताक मात्र घेतात. तेवढं बरं. पण तेही हल्ली बसून नाही. जेवण झालं की फुलपात्र घेऊन अंगणात जातात, उभ्यानेच पितात, तिथेच हात धुतात आणि रिकामं फुलपात्र मला आणून देतात. म्हटलं, बसून प्यावं माणसाने. तर म्हणे, "बाहेर हवा लागते." 

चव आवडत नसेल तर तोंडाने सांगावं. आता खरं लिहायचं तर — सांगायची सोय मीच ठेवलेली नाही. देऊळघाटला एकदा म्हणाले होते, "कढीत मीठ जास्त झालं." मी आठ दिवस बोलले नाही आणि अख्खा श्रावण घरात कढी केली नाही. त्याला तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या हातच्या मिठाबद्दल ह्या माणसाने एक अक्षर काढलेलं नाही.

बरंच आहे. काढायचं कारणच नाही.

रविवार, १३ मार्च

सापडलं!

डब्यातल्या मातीवर पांढरा थर आलाय. नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. आणि अंगणाच्या पलीकडच्या बाजूला काय चाललंय? वच्छलाबाईंचे उडदाचे पापड. पातेल्यात लोणारचा पापडखार विरघळत ठेवलेला. खार गाळला, पातेली विसळली, ते विसळलेलं पाणी गेलं कुठे? अंगणाचा उतार माझ्या न्हाणीकडे!

त्या खाराने बायकांचे हात फाटतात, तिथे झाडाच्या मुळांची काय कथा. आणि आपण होऊन वाहिलं की वाहवलं, हाही प्रश्न आहेच. ही बाई गेल्या वर्षापासून म्हणते आहे, "येवढं मोठं झालं झाड, मले एक डहाळी देशीन तर मी वावरात लावीन." मी दिली नाही. मुळाशिवाय डहाळी लागत नाही, म्हणून दिली नाही. पण ते ऐकून घेतंय कोण.

ह्यांना सांगितलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "खारानं तसं नाई होत वं. त्या बाईले काऊन दोष देतं?"

माझं माणूस, आणि बाजू कुणाची घेतंय!

गुरुवार, १७ मार्च, धुळवड

भांडण झालं. मी ठरवून केलं नाही, पण झालं.

सकाळी वच्छलाबाई पातेलं घेऊन न्हाणीकडे येताना दिसल्या. मी आडवी झाले. म्हटलं, त्या पातेल्यात काय आहे ते आधी दाखवा. त्यांना कळेना. मी डब्यातला पापुद्रा हातावर घेऊन त्यांच्या नाकासमोर धरला. म्हटलं, हा तुमचा खार. झाड मारायचं होतं तर कुऱ्हाड आणायची, असं हळूहळू काय मारता?

वच्छलाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. आत नुसतं रंगाचं पाणी होतं, नातवंडांचं. म्हणाल्या, "मंजुळाबाई, माया घरात राहून तू मले असं बोलून राह्यली? चार वर्सं तुया झाडाले मी माया हिरीचं पानी देल्लं. तू माहेराले गेली की कोन टाकत होतं पानी? मीच न?"

तेही खरं आहे. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि तेव्हा घ्यायची इच्छाही नव्हती.

हे ओसरीवर बसून होते. मग उठले आणि आत गेले. मला वच्छलाबाईंपेक्षा त्या उठण्याचा राग जास्त आला.

शुक्रवार, १८ मार्च

डबा हलवला. एकटीने, ओढत ओढत. आता तो माझ्या स्वयंपाकघराच्या दाराच्या पायरीलगत आहे. उतार नाही, पापड नाही, वच्छलाबाई नाहीत. बघू आता कोण काय करतं ते.

हे म्हणाले, "मले बोलावलं असतं तर मी धरलं असतं." पण धाप ह्यांनाच लागली होती. नुसते उभे राहून.

बुधवार, २३ मार्च

नवी कोवळी पालवी आली होती, दोन ठिकाणी. मी कुणाला सांगितलंही नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून. आज तीही टोकाला काळी.

म्हणजे मी विहिरीवर गेले की ती बाई इथवर येते! दुसरं काय?

शनिवार, २६ मार्च

आज आणखी एकाशी वाजलं. निवृत्तीने ह्यांच्या नव्या वहाणा शिवून आणल्या. पायात शिरेनात. हे कसेबसे दोन पावलं चालले आणि खाली बसले. मी निवृत्तीला धरलं. म्हटलं, दरवर्षी तूच शिवतोस, ह्या वर्षी माप विसरलास? तो बिचारा मापाचा कागद घेऊनच आला होता. कागद वहाणेवर ठेवला — बरोब्बर. म्हणाला, "बाई, माप तेच हाय. साहेबांचा पाय वाढला."

पन्नाशीला टेकलेल्या माणसाचा पाय वाढतो! कुणी ऐकलंय का असं? मी हे म्हटलं तर हे हसले आणि निवृत्तीला म्हणाले, "जाऊ दे, मी जुन्याच घालीन. तू जाय." मला कुणाशी भांडूच देत नाहीत. सगळ्या जगाने आमच्यावर काहीही लादावं आणि हे म्हणणार, जाऊ दे.

शुक्रवार, १ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. कडुलिंबाची कोवळी पानं गुळाबरोबर वाटली. तो रस्त्याच्या कडेला कुणी न विचारता वाढतो, आणि ज्याला मी हाताने वाढवला तो पायरीपाशी खराटा होऊन उभा आहे.

पुरणपोळ्या केल्या. ह्यांनी तीन खाल्ल्या, दुधाशी! मी बघतच राहिले. महिनाभर पोट जड असलेला माणूस! आणि कटाची आमटी? तिला शिवले नाहीत. एवढा वाटण-घाटणाचा खटाटोप, गोडलिंबाची राखून ठेवलेली चार पानं तिच्यात घातलेली. वाटी जशी वाढली तशी उचलली. म्हणजे पोटाचं काही नाही. माझ्या हाताचंच काहीतरी आहे.

त्या रागात विहिरीवर गेले. तिथे चारजणी होत्या. बोलू नये ते बोलले. म्हटलं, आमच्या घरमालकीणबाई लोकांच्या झाडांना खार पाजतात. वच्छलाबाई मागेच उभ्या होत्या, घागर घेऊन. मला दिसल्या नाहीत.

घागर न भरताच परत गेल्या.

सोमवार, ४ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी नऊ-साडेनऊ झाले असतील. ह्यांना वाढलं होतं. दूध-भाकरीच. ताक घुसळून, मीठ-जिरं घालून फुलपात्र भरून ठेवलं होतं. पानं आता उरली नाहीत, म्हणून दोनच चुरली. तेवढ्यात वच्छलाबाईंची हाक आली, पुढच्या दारातून, अगदी हळू. पाडव्यापासून बोलणं नव्हतं, त्यामुळे मी चमकलेच.

"मंजुळाबाई, इकडे ये. उगी राहा. बोलू नको."

माझं मनगट धरून मला त्यांच्या माजघरात नेलं. तिथल्या खिडकीतून आमची मागची पायरी दिसते. म्हणाल्या, "मी सांगनार नोती. दुसऱ्याच्या घरातलं आपन काऊन बोलावं? दहा दिस झाले पाहून राह्यली. पन तू चारचौघीत माया नाव घेतलं. आता तूच पाहाय, तुया झाडाले कोन काय टाकते ते."

हे दारातून बाहेर आले. हातात फुलपात्र. मागे वळून चुलीकडे एकदा बघितलं — मी तिथे आहे की नाही ते. मग वाकले, आणि सगळं ताक डब्यात ओतलं. सावकाश, बुंध्याभोवती गोल फिरवून, एक थेंब बाहेर जाऊ न देता. जसं मी पाणी घालते तसं. मग फुलपात्र विसळलं, तेही पाणी डब्यातच. मग झाडाची एक डहाळी बोटांनी जरा वर उचलून बघितली.

मी घरी आले. हे म्हणाले, "ताक मस्त होतं." रिकामं फुलपात्र माझ्या हातात दिलं आणि जुन्या वहाणा फरफटत कचेरीत गेले.

मस्त होतं!

मग मी डब्यापाशी बसले आणि तो पांढरा पापुद्रा जिभेवर ठेवला. हे आधी केलं असतं तर! पापडखार जिभेला कसा लागतो ते मला माहीत आहे, माझं माहेर बीबीचं, लोणारच्या शेजारचं. हा तो नव्हेच. हे साधं मीठ. आंबूस वासाचं, रोजच्या खाण्यातलं. माझ्या बरणीतलं.

गोडलिंबाला ताक मानवतं, हे ह्यांना मीच सांगितलं होतं. आठवड्यातून एकदा ताकाचं भांडं विसळून त्याला घालत असे, ते हे बघत असत. ते ताक बिनमिठाचं, हे कुठे ठाऊक असायला! दीड-दोन महिने रोज फुलपात्रभर खारं ताक पाजलं त्याला, आणि वर डहाळी उचलून बघतात, वाढतोय का म्हणून!

तेवीस वर्षं ह्या माणसाला मी ताक देते. आवडत नव्हतं तर एकदा, एकदा तरी म्हणायचं. मी काय ह्यांना खाल्लं असतं?

मंगळवार, ५ एप्रिल

ताक दिलंच नाही आज. ह्यांनी मागितलं नाही. मीही विचारलं नाही.

गुरुवार, ७ एप्रिल

परटीण आली होती. ह्यांचा काळा कोट धुवायला द्यायचा म्हणून खिसे तपासले. आतल्या खिशात एक चिठ्ठी, घडीवर मळलेली. बुलढाण्याच्या रंगराव वैद्यांची. हे कचेरीच्या कामाने तिकडे गेले होते तेव्हाची, १२ फेब्रुवारीची.

ह्यांनी मला अक्षरं शिकवली नसती तर मी ती तशीच परत खिशात ठेवली असती. जशी आहे तशी उतरवते.

"अंगावर सूज. मीठ संपूर्ण वर्ज्य, निदान तीन महिने. लोणचे, पापड, खारट काहीही नको. दूध, ज्वारीची भाकरी. अळणी ताक चालेल. धाप वाढल्यास घरच्यांस घेऊन यावे, उशीर करू नये."

अळणी ताक चालेल.

मी किती वेळ कोट मांडीवर घेऊन बसले होते कोण जाणे. परटीण दारात उभी राहून निघून गेली.

दोन महिने. दोन महिने ह्या माणसाने माझ्याच स्वयंपाकघरात चोरून जीव वाचवला. आणि मी काय लिहीत होते? ऊन, खार, वहाणा! निवृत्ती बिचारा सांगत होता, पाय वाढला म्हणून. "आज मीठ घालू नको" एवढं म्हणायला माझा नवरा मला घाबरतो. राग कुणावर काढू? आज पहिल्यांदा असं झालं की राग आहे आणि बोट दाखवायला दुसरं माणूस नाही.

दुपारी वच्छलाबाईंकडे गेले. पाया पडले. काही सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मले नको सांगू. त्या डब्यात गोडं पानी घाल, भरपूर, खालून वाहू दे. मीठ उतरन." माझ्याबरोबर त्यांनीही पाणी शेंदलं. दहा बादल्या घातल्या. बुडाच्या भोकांतून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं. जगेल की नाही, सांगता येत नाही म्हणाल्या. मी विचारलंही झाडाबद्दलच होतं.

पुंजाजीला निरोप धाडलाय, रविवारी बैलांची दमणी घेऊन ये म्हणून. बुलढाण्याला जायचंय. घरच्यांस घेऊन.

संध्याकाळी हे आले. पाय धुवायला मी पाणी घेऊन गेले आणि स्वतःच पाय धुतले. हे संकोचले. घोट्याच्या वर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि भरून यायला फार वेळ लागला.

"वहानेचा वळ हाय," म्हणाले.

मी हो म्हटलं.

शुक्रवार, ८ एप्रिल

आज कढी केली. झाडावर सात पानं उरली होती, त्यातली पाच घेतली. मीठ घातलं नाही. काही सांगितलंही नाही. माझ्या ताटात तीच वाढून घेतली आणि समोर बसले.

ह्यांनी नेहमीसारखी वाटी बाजूला सरकवली. मी म्हटलं, एक घोट घ्या. घेतला. वाटी हातातच राहिली.

मग सगळी कढी प्यायले, आणि वाटी पुन्हा माझ्यापुढे धरून म्हणाले, "आज मीठ बरोबर पडलं वं."